कापून द्या, रंगवून नको!



आजचा विषय पुठ्ठा आहे. हसू नका. या पुठ्ठ्यावरून आमच्या घरात दोन दिवस अबोला होता, तेव्हा विषय अगदीच किरकोळ नाही.

चिपबोर्ड म्हटलं की आपल्याला सुताराकडचं भुशाचं फळकूट आठवतं. पण हाताने भेटकार्डं आणि आठवणींच्या वह्या (हल्लीच्या भाषेत स्क्रॅपबुक) करणाऱ्या मंडळींचा चिपबोर्ड म्हणजे आपला बाइंडरकडचा करडा पुठ्ठा. रद्दीचा लगदा दाबून केलेला, ना रंग ना चकाकी. त्याचे पान, पतंग, कोयरी, घर, अक्षरं असे कापलेले आकार पाकिटातून मिळतात. अगदी कोरे. ते आपण रंगवायचे, त्यांवर कागद चिकटवायचे आणि कार्डावर किंवा वहीच्या पानावर लावायचे. इतका साधा उद्योग.

आणि त्याच आकारांची दुसरी जातही बाजारात आहे. आधीच रंगवलेली, चमकी लावलेली, पाठीला गोंद असलेली. सोला आणि डकवा! माझं भांडण या दुसऱ्या जातीशी आहे. त्याहून जास्त भांडण आहे ते ही जात ज्या वृत्तीवर खपते त्या वृत्तीशी.

झालं असं. २०२३ साली आमच्या आक्काचं सहस्रचंद्रदर्शन झालं. भाचीने एक सुंदर कल्पना काढली. प्रत्येक घरी कोऱ्या आकारांचं एकेक पाकीट धाडलं. प्रत्येकाने एक आकार सजवायचा, मागे आक्काबद्दल दोन ओळी लिहायच्या, आणि त्या सगळ्यांची मिळून एक वही आक्काला द्यायची. या कल्पनेबद्दल भाचीला पैकीच्या पैकी गुण. ते मी आजही कापणार नाही.

दादाच्या वाट्याला घर आलं. दादा तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. कंपवातामुळे चहाचा कपही दोन्ही हातांनी धरतो. चार दुपारी बसून त्याने ते घर रंगवलं. कौलं अर्धी झाली, अर्धी राहिली. निळं दार काढलं ते अगदी डाव्या कडेला, आणि त्याचा रंग भिंतभर पसरला.

कार्यक्रमाच्या दिवशी मी वही उघडली. दादाच्या पानावर एक देखणं घर! लाल कौलं, मधोमध दार, दोन बाजूंना दोन खिडक्या, खाली फुलांचे ताटवे. आणि त्याखाली दादाचं नाव. दादाचं खरं घर मला नंतर कात्रणांच्या पिशवीत सापडलं, टाकून द्यायच्या कागदांत.

मी विचारलं. भाची म्हणाली, "मामा, चिडू नकोस. इतकी माणसं वही बघणार. मोठ्या मामालाच ओशाळं वाटलं असतं. म्हणून बदललं." तिच्या मनात पाप नव्हतं. वाईट याचंच वाटतं. असली कामं नेहमी प्रेमानेच केली जातात.

आता दाराची गोष्ट सांगतो. गावी आमच्या घराचं दार खरंच डाव्या कडेला होतं. उजवीकडची निम्मी जागा गोठ्याची होती. दार निळं होतं, कारण बैलगाडी रंगवून उरलेला रंग वडिलांनी त्याला फासला होता. हे घर पाहिलेली तीनच माणसं आता उरली आहेत : आक्का, दादा आणि मी. वही आक्कासाठी होती. म्हणजे ज्या एका गोष्टीत आक्काला स्वतःचं माहेर दिसलं असतं, नेमकी तीच गोष्ट "बरी दिसत नाही" म्हणून बाहेर गेली!

दुसऱ्यांवर दगड मारण्याआधी माझी काच दाखवतो. मी मराठीचा मास्तर, पण तासिका भरेनात म्हणून माझ्या गळ्यात कार्यानुभवही पडला होता. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. शाळा तपासणी होती, वस्तूंचं प्रदर्शन मांडायचं होतं. एका मुलाने पुठ्ठ्याचं घड्याळ केलं होतं. आकडे बाराला नीट निघायचे आणि पाचाच्या पुढे गर्दी करून कसेबसे परत बारावर पोचायचे. आदल्या संध्याकाळी मी त्याच्यावर पांढरा कागद चिकटवला आणि स्टेन्सिल ठेवून नवे आकडे काढले. सकाळी तो मुलगा त्याच घड्याळासमोर उभा राहून, खाली स्वतःच्या नावाची चिठ्ठी असताना, मला विचारत होता, "सर, माझं कुठंय?" तपासणीत शेरा उत्तम मिळाला. त्या मुलाला मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. बहुधा दिलंच नसावं.

गंमत बघा. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, तिच्या केंद्रस्थानी हस्तोद्योग होता. पुढे १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभव हा शब्द शाळेत आणला. दोन्हींचा मतलब एकच होता : मुलाने हाताने काम करावं आणि करता करता शिकावं. आम्ही मास्तरांनी त्याचं काय केलं, तर वस्तूला गुण दिले आणि हाताला विसरलो. मग पालकही शहाणे झाले. गुण वस्तूला आहेत ना? मग वस्तू दुकानातून आणा! आज शाळेच्या प्रकल्पासाठी तयार आकार विकत घेणारी आई दोषी नाही. तिला हे आम्हीच शिकवलं आहे.

माझी बाजू एकांगी वाटू नये म्हणून सांगतो, यंत्राशी माझं वैर नाही. जाड पुठ्ठा पात्याने कापणं हे लहान मुलाचं आणि दादासारख्याचं काम नव्हे, बोट जायचं. यंत्राने कापावं, खुशाल कापावं. लंडनमध्ये १८४३ साली हेन्री कोल यांनी नाताळचं पहिलं व्यापारी भेटकार्ड काढलं, तेव्हाही चित्र छापलं शिळाप्रेसवर आणि रंग भरला हाताने. ते रंगारी पगारी होते हे कबूल. आपल्या घरात तर बिनपगारी पुष्कळ आहेत! आकार यंत्राचा, रंग माणसाचा, ही वाटणी मला मान्य आहे. कापून द्या, रंगवून नको.

"पण आम्हाला चित्रकला येत नाही हो!" नकोच यायला. पुठ्ठ्याचा स्वभाव कळला की पुरे. कोरा पुठ्ठा टीपकागदासारखा रंग पितो, त्याच्या कडा तर जास्तच. म्हणून आधी पांढऱ्या गोंदात पाणी घालून एक पातळ हात द्या आणि वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवा. एकाच बाजूला ओल लागली तर पुठ्ठा वाकतो, म्हणून मागेही एक हात द्या. पुरता वाळला की जाड शब्दकोशाखाली रात्रभर ठेवा. (शब्दकोशाचा एवढा तरी उपयोग करा!) कागद चिकटवायचा असेल तर आकाराहून मोठा घ्या, वाळल्यावर पालथा घालून जास्तीचा भाग कापा आणि कड घासा. कडेला शाईच्या पॅडवरचं बोट नुसतं फिरवलं तरी आकार उठून दिसतो. आमच्या वेळी बाइंडर कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. ती खळ मुलांच्या हाती देऊ नका, मोरचूद विषारी असतो. आणि साध्या करड्या पुठ्ठ्यात आम्ल असतं, जुना फोटो थेट त्याच्यावर चिकटवला तर पिवळा पडतो. मध्ये आम्लरहित कागद घाला. झाली विद्या. यात चित्रकला कुठे आली?

दुसरा आक्षेप वेळेचा. "कुणाला वेळ आहे?" अहो, वेळ नाही म्हणूनच तर तो दिला की समोरच्याला कळतो. चमकीचं तयार घर पाच सेकंदांत लागतं, आणि बघणाराही त्याच्यावर पाच सेकंदच घालवतो. दादाच्या चार दुपारी त्या डागाळलेल्या पुठ्ठ्यात होत्या. आपण त्या कात्रणांच्या पिशवीत टाकल्या.

तिसरा आक्षेप सर्वांत बिकट. "वही चांगली दिसायला नको का?" दिसावी की. पण कुणाला? चारचौघांना दाखवायची असेल तर छापखान्यातून करून आणा, माझी हरकत नाही. त्याखाली आमची नावं मात्र घालू नका. हाताने केलेलं म्हणायचं आणि ज्यात हात दिसतो तेवढंच गाळायचं, हा कसला न्याय?

असो. त्या रात्री मी दादाचं घर पिशवीतून काढून आक्काच्या हातात नेऊन दिलं. काही बोललो नाही. आक्काने चष्मा लावला, पुठ्ठा दिव्याखाली धरला, बराच वेळ बघितला. मग दादाकडे वळून म्हणाली, "अरे, गोठा कुठाय? गोठा राहिला की काढायचा!" दादा म्हणाला, "जागा होती गं, हात दमला." मग दोघं गोठ्यातल्या गाईंची नावं आठवत बसली.

आता ते घर वहीत आहे. देखण्या घराच्या शेजारच्या पानावर लावलंय, कारण भाचीने अबोला सोडताना तेवढी तडजोड मागितली. मी दिली. देखण्या घराखालचं दादाचं नाव मात्र तिने स्वतःच खोडलं.

आमच्याकडे पुढचं निमित्त नातवाच्या मुंजीचं आहे. आमंत्रणाची कार्डं घरीच करायची ठरली आहेत. कोरे आकार मी आणले आहेत, रंग आणि गोंद माझ्याकडचा. घरच्या मंडळींना नियम एकच : जे जसं येईल ते तसंच लागेल. सुधारायला कुणी हात लावायचा नाही. मास्तरने तर नाहीच नाही.

पटलं नसेल तर जरूर भांडा. तूर्तास इतकंच.