मामू, यातला खरा आकडा कोणता?

माझ्या भाचीचा चष्मा उणे पाचचा. लग्नाची बोलणी सुरू झाली आणि चष्म्याचा विषय निघालाच. "मुलगी चांगली आहे, पण चष्मा..." हे वाक्य आपल्याकडे किती घरांत अर्धवट सोडलं जातं, ते वाचकांना सांगायला नको. अखेर तिनंच लॅसिक करायचं ठरवलं. सोबतीला मी होतो.

पहिल्या दवाखान्यात तिला फिरत्या कॅमेऱ्याच्या यंत्रासमोर बसवलं. कॉर्नियाची, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची, जाडी ४९८ मायक्रॉन आली. "ऑपरेशन करता येईल," ते म्हणाले. दुसरं मत घ्यावं म्हणून आठवड्यानं दुसरीकडे गेलो. तिथं डोळा बधिर करणारे थेंब टाकून अल्ट्रासाउंडची बारीक कांडी टेकवली. ४७४. "पडदा पातळ आहे, करू नका." बाहेर आल्यावर भाचीनं विचारलं, "मामू, यातला खरा आकडा कोणता?"

फरक २४ मायक्रॉनचा. मिलिमीटरचा चाळिसावा भागही नाही. पण लॅसिकचा हिशोब पाहा. वरची पापुद्र्यासारखी चकती साधारण ११० मायक्रॉन. चष्म्याच्या प्रत्येक नंबरामागे ढोबळमानानं १५ मायक्रॉन घासले जातात, म्हणजे पाचाला ७५. पहिल्या आकड्यातून हे वजा केलं तर खाली ३१३ उरतात, दुसऱ्यातून २८९. किमान २५० उरलेच पाहिजेत, ही जुनी मर्यादा. अनेक सर्जन ३०० चा आग्रह धरतात. एवढ्याशा फरकानं 'हो'चं 'नाही' होतं. चुकून जास्त घासलं गेलं, तर कमकुवत झालेला पडदा पुढं फुगू शकतो. तो धोका जन्मभराचा.

मग कोणतं यंत्र खोटं? कोणतंच नाही. कांडी ध्वनिलहर सोडते, प्रतिध्वनीला लागलेला वेळ मोजते आणि ध्वनीचा वेग गृहीत धरून जाडी काढते. ती मधोमध, काटकोनात टेकली नाही तर आकडा वाढतो, कारण पडदा कडेला जाड असतो. कॅमेरा प्रकाशाच्या पट्टीनं छेदचित्रं घेऊन पूर्ण नकाशा बनवतो; त्यात मध्यबिंदूची जाडी वेगळी, सर्वांत पातळ जागेची वेगळी. शिवाय झोपेतून उठल्यावर पडदा किंचित सुजलेला असतो. कॉन्टॅक्ट लेन्सनंही सुजतो. पहिल्या तपासणीच्या आदल्या रात्रीपर्यंत भाचीच्या डोळ्यांत लेन्स होत्या. तिला कुणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

ब्लँड आणि ऑल्टमन या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक साधी गोष्ट मांडली. दोन पद्धतींचे आकडे एकत्र वाढतात-घटतात, एवढ्यावरून त्या एकमेकींच्या जागी वापरता येत नाहीत. प्रत्येक माणसामागे त्यांच्यात किती अंतर पडतं, ते पाहावं लागतं. एकच यंत्र पुन्हा पुन्हा जवळपास तोच आकडा देईल, म्हणून तो दुसऱ्या यंत्राशी जुळेलच असं नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: यंत्राचं नाव आणि वेळ नसलेला जाडीचा आकडा अपुरा आहे. आमच्या एका रिपोर्टवर दोन्ही नव्हतं. काचबिंदूच्या रुग्णांनीही हे लक्षात ठेवावं. पडदा पातळ असला तर डोळ्याचा दाब प्रत्यक्षापेक्षा कमी मोजला जातो आणि धोका झाकला जातो. डॉक्टरांना प्रश्न विचारणं म्हणजे बेअदबी नव्हे. कोणत्या यंत्रावर मोजलं, किती वेळा मोजलं, लेन्स किती दिवस बंद ठेवायच्या, हे विचारायचंच. कागद जपून ठेवायचा आणि पुढची तपासणी शक्यतो त्याच यंत्रावर करायची.

भाचीनं दोन आठवडे लेन्स बंद ठेवल्या आणि पहिल्याच यंत्रावर लागोपाठ तीनदा मोजून घेतलं. ४८१, ४७९, ४८२. तिनं ऑपरेशनचा विचार सोडला. चष्म्यावरून अडलेलं स्थळही गेलं. त्याचं तिला दुःख नाही, मला तर मुळीच नाही.