एक दगड, दोन हिशोब

गेल्या रविवारी माझी भाची वही घेऊन आली. दहावी मराठी माध्यमातून चांगल्या गुणांनी पास झाली आणि हौसेने अकरावी सायन्सला गेली. तिथे पहिल्याच चाचणीत फिजिक्समध्ये 25 पैकी 6. बहिणीने दारातूनच सांगितले, “बाजी, हिचे अब्बा म्हणतात आर्ट्सला घालू या. तूच बघ आता.” आर्ट्स वाईट नाही, मी स्वतः त्यातूनच बी.एड. केले. पण जिला सायन्स शिकायचे आहे तिने सहा गुणांना घाबरून वाट बदलावी, हे मला पटेना.

वहीत प्रोजेक्टाइल मोशनचे गणित होते. 15 मीटर उंच इमारतीच्या गच्चीवरून एक दगड सेकंदाला 20 मीटर वेगाने, आडव्या रेषेच्या वर 30 अंशांत फेकला. तो इमारतीपासून किती दूर पडेल? भाचीचे उत्तर 34.6 मीटर, पुस्तकातले सुमारे 52. “खाला, सूत्र तर बरोबर घातलंय,” ती रडवेली होऊन म्हणाली.

सूत्र बरोबरच होते, पण ते या गणिताचे नव्हते. पल्ल्याचे ते तयार सूत्र दगड ज्या पातळीवरून फेकला त्याच पातळीवर पडला तरच चालते. इथे तो गच्चीवरून निघून जमिनीवर पडतोय. ही अट पुस्तकात एका ओळीत असते, मुले चौकटीतले सूत्र पाठ करतात आणि ती ओळ सोडून देतात. त्यातून पुस्तक इंग्रजीत. मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेले मूल आधी वाक्य उलगडते, मग गणित. तेवढ्यात वेळ संपतो.

मी वही मिटली आणि कॅरमच्या दोन सोंगट्या आणल्या. टेबलाच्या कडेवरून एक नुसती खाली ढकलायची आणि त्याच क्षणी दुसरी टिचकीने लांब उडवायची. “आधी कुठली पडेल?” ती म्हणाली, “जवळची.” चार-पाच वेळा करून पाहिले. जेव्हा जेव्हा दोघी एकदम सुटल्या, तेव्हा ‘टक’ असा एकच आवाज आला. घरी करून पाहा, लहान मुलेही रमतात.

सगळी गोम इथेच आहे. आडवे जाणे आणि खाली पडणे हे दोन वेगळे हिशोब आहेत. फेकलेल्या वस्तूचा मार्ग पॅराबोला असतो हे गॅलिलिओने 1638 च्या ग्रंथात याच विभागणीतून दाखवले. त्याच्या सहाशे वर्षे आधी इब्न सिना यांनी फेकलेल्या वस्तूत ‘मैल’ नावाचा जोर उरतो, असा विचार मांडला होता. हे मुलांना जरूर सांगावे. मात्र थोरांची नावे घेऊन गणित सुटत नाही, त्यासाठी कागदावर उभी रेघ ओढावी लागते.

तीच आम्ही ओढली. डावीकडे ‘आडवे’, उजवीकडे ‘उभे’. साइन 30 म्हणजे अर्धा, म्हणून उभा वेग 10. कोसाइन 30 म्हणजे 0.866, म्हणून आडवा वेग 17.3. भाचीने उभ्या रकान्यातही 20 च लिहिले होते. ही चूक पुष्कळ मुले करतात. आडव्या रकान्यात गुरुत्वाकर्षण नाही, वेग तोच राहतो. (हवेचा अडथळा धरायचा नाही, असे गृहीत असते. बॅडमिंटनच्या फुलाला हा हिशोब लावू नका.) उभ्या रकान्यात वेग दर सेकंदाला 10 ने बदलतो. दोन्ही रकान्यांत सारखी गोष्ट एकच, ती म्हणजे वेळ.

आता सूत्राशिवाय चाला. वर जाताना उभा वेग 10, म्हणजे एका सेकंदात तो संपला. तेवढ्यात दगड 5 मीटर वर चढला. आता तो जमिनीपासून 20 मीटरवर आहे. तिथून खाली पडायला 2 सेकंद, कारण 5 गुणिले 2 चा वर्ग म्हणजे 20. एकूण 3 सेकंद. डावीकडे या: 17.3 गुणिले 3, म्हणजे 51.9. भाचीने पुस्तकातले उत्तर पुन्हा पाहिले आणि पहिल्यांदा हसली.

मग तेच तिने समीकरणाने केले. वरची दिशा अधिक धरली, म्हणून विस्थापन उणे 15. चिन्हे एकदा ठरवली की शेवटपर्यंत बदलायची नाहीत, हे मी दोनदा बजावले. वेळेची दोन उत्तरे आली, 3 आणि उणे 1. तिने उणे 1 वर काट मारली आणि थांबली. “खाला, हे उणे एक आलंच कुठून?”

हा प्रश्न ऐकून मला सहा गुणांची काळजी उरली नाही. दगड गच्चीवरून न फेकता त्याच मार्गाने खालून जमिनीवरून आला असता, तर तो एक सेकंद आधी निघाला असता. समीकरणाला गच्ची दिसत नाही, त्याला फक्त वाट दिसते. तिने ताळा केला: उणे 1 ला उभा वेग 20, आणि 20 ने वर निघालेला दगड एका सेकंदात 15 मीटर चढतो. बरोबर गच्ची.

तिचे अब्बा संध्याकाळी न्यायला आले. चहा होईपर्यंत तिने त्यांना टेबलापाशी बसवले आणि सोंगट्या हातात दिल्या. “आधी कुठली पडेल, अब्बा?” तेही म्हणाले, “जवळची.”