ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर गर्भारपण हवं

ग्रामसभेत रस्ता, नाली, घरकुल यांवर तासन् तास बोलणं होतं. मुलांच्या अभ्यासाचा विषय निघालाच, तर बोट मास्तरांकडे जातं. कारंजा तालुक्यातल्या कामरगावने आता गरोदर बायांची तब्येत हाही ग्रामसभेचा विषय करावा. कारणं अशी :

१. मेंदूची घडण पोटातच सुरू होते. वारेपर्यंत पुरेसं रक्त पोचलं नाही, की बाळाची वाढ खुंटते. बाळाचं शरीर मग इतर अवयवांचं रक्त कमी करून ते मेंदूकडे वळवतं. म्हणून अशा बाळाचं अंग हडकुळं आणि डोकं त्या मानाने मोठं दिसतं. पण एवढ्याने निभावत नाही. शेवटच्या तीन महिन्यांत मेंदूचं वजन जवळपास तिपटीवर जातं, त्याला घड्या पडतात, पेशी एकमेकींशी जोडल्या जातात. ऐन त्या वेळी तुटवडा पडला, तर पुढे लक्ष, स्मरण, भाषा आणि हाताची सफाई यांत मूल मागे पडण्याचा धोका वाढतो.

२. पुरावा पुण्यातच आहे. केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ मध्ये जन्मलेल्या, दोन किलोंहून कमी वजनाच्या बाळांचा पुढे अनेक वर्षं माग ठेवला. बाराव्या वर्षी त्यांचा सरासरी बुद्ध्यांक ८९.५ भरला, तुलनेसाठी घेतलेल्या मुलांचा ९७.२. दिवस भरण्याआधी जन्मलेली आणि त्या दिवसांच्या मानानेही लहान असलेली मुलं सर्वांत मागे होती. ८९.५ हा आकडाही सर्वसाधारण पट्ट्यातलाच. या मुलांना मठ्ठ म्हणणं चूक. पण घरात शिकवणारं कोणी नसलेल्या पोराला तेवढाही फरक जड जातो.

३. खुंटलेली वाढ वेळीच कळू शकते. अडीच किलोंखालचं प्रत्येक बाळ खुंटलेलं नसतं. काही मुळातच लहान चणीची असतात. म्हणून एका वजनापेक्षा वाढीचा वेग महत्त्वाचा. आरोग्यसेविका जांघेतल्या हाडापासून गर्भाशयाच्या टोकापर्यंत टेप लावते. चोविसाव्या आठवड्यानंतर जितके आठवडे, साधारण तितके सेंटिमीटर. तीन सेंटिमीटरने मागे पडलं, तर सोनोग्राफी करून घ्यावी. गरोदरपणाच्या कार्डावरचा या मोजमापाचा रकाना दर भेटीत भरला जातो का, हे घरच्यांनी पाहावं.

४. दोष एकट्या आईचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या ४५.७ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला, तर २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. त्यात वाढलेला रक्तदाब, पाठोपाठची बाळंतपणं, तंबाखू आणि चुलीचा धूर. सोयाबीनचं निंदण नि कपाशीची वेचणी पोटुशी बाईलाही चुकत नाही. वर म्हातारी सांगते, "कमी खाय, पोर मोठं झालं तं बायतपन जड जाते." ही समजूत घातक आहे. मुंबईच्या वस्त्यांत झालेल्या प्रयोगात पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ बायांना गर्भ राहण्याआधीपासून दिला. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर बाळांच्या वजनात ठोस फरक दिसला नाही. पण किमान तीन महिने आधी सुरुवात केलेल्यांच्या बाळांचं वजन थोडं वाढलं. म्हणजे लक्ष द्यायचं ते लग्नाआधीच्या मुलींपासून.

५. "हे आरोग्य खात्याचं काम" म्हणून हात झटकता येत नाहीत. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. पण त्या दिवसाची मजुरी बुडते, सोनोग्राफीसाठी गाडीभाडं लागतं, घरी बाकीची पोरं कोणी सांभाळायची हा प्रश्न असतो. हे अडथळे गावाचे आहेत. ग्रामपंचायतीला उत्पन्नाचा दहा टक्के भाग महिला-बालकल्याणावर खर्चायचा असतो. तो आधी इथे लागावा. आपला वाशीम जिल्हा २०१८ पासून केंद्र सरकारच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत आहे, त्यातल्या कामांचा पाठपुरावाही गावानेच करायला हवा.

६. बाळ लहान जन्मलं तरी सगळं संपत नाही. आईच्या उघड्या छातीशी धरणं, निव्वळ अंगावरचं दूध, त्याच्याशी बोलणं, खेळणं यांनी बराच फरक पडतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं आणि बालमृत्यू घटवले. त्याच धर्तीवर आज आशाताई घरी येतात. पण जीव वाचला म्हणून लक्ष काढून घेऊ नये. मूल रांगतं कधी, बोलतं कधी, याची नोंद अंगणवाडीत राहावी आणि मागे पडलेल्याला वेळेत तपासणीला न्यावं.

७. ठराव एवढाच करा. दर ग्रामसभेत चार आकडे वाचावेत : वेळेत नोंदणी झालेल्या गरोदर बाया, तीव्र रक्तक्षय असलेल्या, अडीच किलोंखाली जन्मलेली बाळं, आणि त्यांतल्या किती बाळांची पुढची तपासणी झाली. नावं अजिबात वाचू नयेत. घरोघरची लाज चव्हाट्यावर आणणं हा हेतू नाही. चौथा आकडा तिसऱ्यापेक्षा कमी आला, तर का, हे सरपंच, आरोग्यसेविका आणि अंगणवाडीताईंनी त्याच सभेत सांगावं.