नवरी मांडवाबाहेर

लग्न लागते आहे, ताशे-वाजंत्री वाजताहेत, पंक्तींवर पंक्ती उठताहेत आणि नवरी मात्र मांडवाबाहेर पाहुण्यांच्या वहाणा सांभाळीत बसली आहे, असे लग्न कुणी पाहिले आहे काय? मी पाहिले आहे. तेही आपल्याकडे नव्हे, तर उत्तर जर्मनीतल्या एका विद्यापीठात.

जर्मानिक कुळातील बोलींवर तेथे तीन दिवसांची परिषद होती. डेन्मार्क, हॉलंड, नॉर्वे, ऑस्ट्रिया अशा ठिकठिकाणांहून विद्वान जमले होते. बोलींच्या अभ्यासात आयुष्य गेलेले असल्यामुळे मीही एक कोपरा अडवून बसलो होतो. चर्चेचा मुख्य विषय प्लाट, म्हणजे जर्मनीच्या उत्तरेकडील सखल प्रदेशाची बोली. तीन दिवसांत जेवढे निबंध वाचले गेले तेवढे सगळे इंग्रजीत. दुसऱ्या दिवशी दुपारी एका म्हाताऱ्या कोळ्याला व्यासपीठावर बसवले. त्याने सांगितलेले शब्द सांगितल्या क्रमाने उच्चारले, ते यंत्रात भरून घेतले गेले, टाळ्या झाल्या, फुले दिली गेली. पुढचाच निबंध त्याच्या गावच्या स्वरांवर होता. म्हातारा पहिल्या रांगेत बसून ऐकत होता. ऐकत कसला, पाहत होता! चहाच्या वेळी तो माझ्याजवळ आला आणि प्रमाण जर्मनमध्ये हळूच म्हणाला, "माझ्याविषयी काय बोलले हो ते? माझे काही चुकले का?"

वाचकहो, त्या प्रश्नाने माझा त्या दिवशीचा चहा कडू झाला. पुष्कळ वर्षे तो मनात घोळवून आज मी हा लेख लिहायला बसलो आहे.

आधीच सांगून टाकतो, की मी इंग्रजीचा वैरी नाही. त्या परिषदेत डॅनिश गृहस्थाचे म्हणणे मला कळले ते इंग्रजीच्याच कृपेने. प्रश्न इंग्रजी मांडवात आली याचा नाही; नवरीची जागा तिने घेतली याचा आहे.

गंमत अशी, की इंग्रजी आणि प्लाट या सख्ख्या नात्यातल्या. पाचव्या शतकात अँगल, सॅक्सन व ज्यूट टोळ्या उत्तर समुद्राच्या याच किनाऱ्यांवरून ब्रिटनमध्ये उतरल्या. त्यांच्या बोलींतून इंग्रजी जन्मली. आजही इंग्रज ज्याला 'वॉटर' म्हणतो त्याला प्लाट बोलणारा 'वाटर' म्हणतो. प्रमाण जर्मन मात्र 'वास्सर' म्हणते. सफरचंद इंग्रजीत 'ॲपल', प्लाटमध्ये 'आपेल', प्रमाण जर्मनमध्ये 'आप्फेल'. 'करणे' या अर्थी उत्तरेला 'माकन' आणि दक्षिणेला 'माखन'. या दोहोंमधली सीमारेषा ड्युसेलडॉर्फ शहरातल्या बेनराथ भागापाशी ऱ्हाइन नदी ओलांडते. आपल्या गोकुळात माखन चोरून खातात, तिकडे ते सरळ 'करतात'!

आणि या इंग्रजीची स्वतःची दशा एके काळी काय होती? १०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले. त्यानंतर राजदरबार फ्रेंच बोले, न्यायालय फ्रेंच बोले, आणि इंग्रजी बोले तो नांगरधारी. आरोपीसमोर वकील काय वाद घालताहेत हे त्या बिचाऱ्याला कळत नसे. अखेर १३६२ साली कायदा झाला, की खटले इंग्रजीत चालवावेत, कारण लोकांना फ्रेंच समजत नाही. हा कायदा लिहिला कोणत्या भाषेत? फ्रेंचमध्ये! आज सहाशेहून अधिक वर्षांनी तीच इंग्रजी राणी झाली आहे आणि तिच्या दरबारात तो कोळी विचारतो आहे, माझे काही चुकले का. सासुरवास सोसलेली सूनच पुढे खाष्ट सासू होते, हे आपल्या बायकांना कुठल्या परिषदेने शिकवावे लागत नाही.

आता माझे विद्वान मित्र म्हणतील, "अहो, शास्त्राला सर्वांना समजेल अशी एक भाषा नको काय? ओस्लोच्या माणसाने व्हिएन्नाच्या माणसाशी बोलावे कसे?" आक्षेप रास्त आहे. विद्वानांनी आपापसांत खुशाल इंग्रजीत बोलावे. पण शेतकऱ्याकडून धान्य नेणाऱ्याने त्याला निदान पावती तरी त्याला वाचता येईल अशी द्यावी की नाही? कोळ्याकडून शब्द घेतले, त्यावर पदव्या मिळाल्या, बढत्या मिळाल्या. मग त्या शब्दांचे काय झाले हे त्याला कळेल अशा भाषेत सांगणे हा उपकार नव्हे, ते देणे आहे.

आणि हे देणे फेडता येते. १८७६ साली गेओर्ग वेंकर नावाच्या तरुण अभ्यासकाने ऱ्हाइन प्रांतातल्या शाळामास्तरांना साध्या घरगुती वाक्यांचा एक कागद धाडला आणि ती वाक्ये गावच्या बोलीत लिहून पाठवा अशी विनंती केली. पुढे चाळीस वाक्यांचा असा कागद साऱ्या जर्मन साम्राज्यात फिरला आणि चाळीस हजारांहून अधिक गावांतून उत्तरे आली. त्यांतून बोलींचे नकाशे तयार झाले, ते मारबुर्गला आजही अभ्यासले जातात. पण मला नकाशांहून मोठी वाटते ती दुसरीच गोष्ट. १८७७ साली वेंकरने ऱ्हाइनकाठच्या प्लाटवर एक छोटे पुस्तक काढले, जर्मनमध्ये, आणि ते अर्पण केले त्या प्रांताच्या शिक्षकांना. ज्यांच्याकडून घेतले त्यांच्या हाती परत दिले. आजच्या किती निबंधांविषयी असे म्हणता येईल?

कुणी म्हणेल, भाषेच्या एवढ्याशा मानापमानाने काय बिघडते? बिघडते. १९६१ साली युगांडात, तो देश अजून इंग्रजांच्या ताब्यात असताना, मॅकेरेरे येथे इंग्रजीच्या अध्यापनावर राष्ट्रकुलातील देशांची परिषद भरली होती. तिच्या विचारामागची पाच गृहीतके रॉबर्ट फिलिपसन यांनी १९९२ साली आपल्या ग्रंथात मांडली: इंग्रजी फक्त इंग्रजीतूनच शिकवावी, आदर्श शिक्षक म्हणजे जन्माने इंग्रजीभाषक, जितक्या लवकर सुरू करावी तितके बरे, जितकी जास्त शिकवावी तितके बरे, आणि इतर भाषा फार वापरल्या तर इंग्रजी बिघडते. पाचही चूक आहेत, असे त्यांचे प्रतिपादन. पण वाचकहो, ही पाच वाक्ये तुम्ही आपल्या शेजारच्या दिवाणखान्यात ऐकलेली नाहीत काय? परिषदेच्या दालनात बोलले जाते ते दालनातच राहत नाही. ते शाळेच्या दाखल्यावर येऊन बसते.

उलट, ज्या बोली तगल्या त्या निबंधांनी तगल्या नाहीत, वापराने तगल्या. हॉलंडमधल्या फ्रिजियनांचे पाहा. ती इंग्रजीची सर्वांत जवळची बहीण. तिला न्यायालयात थारा नव्हता. याविरुद्ध कडक लिहिणाऱ्या फेड्डे स्खूरर या पत्रकारावर खटला झाला, आणि १६ नोव्हेंबर १९५१ रोजी लेउवार्डन शहरात जमलेल्या लोकांवर पोलिसांनी दंडुके चालवले. पाचच वर्षांत, १९५६ साली, न्यायालयात फ्रिजियन बोलण्याची मुभा देणारा कायदा झाला. स्वित्झर्लंडच्या झुरिक प्रांतात २०११ साली लोकांनी मतदान करून ठरवले, की बालवाडीत शिक्षकांनी मुलांशी प्रमाण जर्मनमध्ये नव्हे, तर तिथल्या बोलीत बोलावे. तेथे डॉक्टर आणि प्राध्यापकही घरीदारी बोलीच बोलतात आणि त्यात कुणाला खाली पाहावेसे वाटत नाही.

इतका वेळ मी दुसऱ्यांचे वाभाडे काढले. आता स्वतःचे झाकून ठेवणे बरे दिसणार नाही. माझा प्रबंध कुडाळकडच्या बोलीवर आहे. त्यातले निम्म्याहून अधिक शब्द माझ्या मावशीने दिले. चुलीपुढे बसून, भाकरी थापता थापता. प्रबंध इंग्रजीत लिहिला. बांधून आला तेव्हा मी तो मोठ्या अभिमानाने तिच्या हाती ठेवला. तिने त्याला कुंकू लावले, देवासमोर ठेवला आणि म्हणाली, "माझा काय लिवलंस ता माका वाचून दाखय." मी "मग दाखवतो" म्हणालो. ते 'मग' कधी आले नाही. मावशी गेली. जर्मनीत त्या कोळ्याने मला विचारले तेव्हा मला माणूस त्याचा दिसला, आवाज मात्र तिचा ऐकू आला. म्हणूनच म्हणतो, हा लेख मी विद्वानांवर रागावून लिहीत असेन तर त्या विद्वानांत पहिला मी आहे.

माझ्या मागण्या तीनच आहेत. बोलीवरील प्रत्येक परिषदेत निदान एक बैठक त्या बोलीत व्हावी, आणि दुभाषा लागलाच तर तो विद्वानांसाठी असावा. बोलीवर पदवी घेणाऱ्याने प्रबंधाचा सारांश ज्या गावातून शब्द नेले त्या गावच्या भाषेत लिहून त्या गावच्या शाळेत ठेवावा. आणि शब्द देणाऱ्याचे नाव, त्याची संमती असेल तर, तळटिपेत नव्हे, पहिल्या पानावर यावे.

हे सारे परिषदांचे झाले. तुमच्या-आमच्या घराला मात्र ठरावाची वाट पाहायचे कारण नाही. या दिवाळीत गावाहून आजी येईल. ती फराळाच्या ताटाशी बसून एखादा असा शब्द बोलेल, की नातवंडे फिदीफिदी हसतील, आणि सून नाहीतर मुलगा हळूच म्हणेल, "आई, असे नाही म्हणायचे." त्या वेळी तिच्या मनात काय येत असेल हे मी तुम्हांला सांगू शकतो: माझे काही चुकले का? तिला तो प्रश्न पडू देऊ नका. तो शब्द मुलांकडून वहीत लिहून घ्या, आणि लिहिलेले तिला वाचून दाखवा.

मी माझ्या प्रबंधाचे मावशीच्या बोलीत रूपांतर करायला घेतले आहे. पहिले प्रकरण झाले आहे. पाडव्याला ते गावच्या शाळेत मोठ्याने वाचणार आहे.