साज मोडता काय?

जुना साज मोडून चेन करू म्हणणाऱ्या माणसालाच खरं तर तारण ठेवायला हवं. पण घेणार कोण? शुद्धतेची शंका!

साज नावाचा कोल्हापुरी, पण साताऱ्या-सांगलीच्या गळ्यांतही मिरवला. चंद्र, भुंगा, मासा, कासव आणि चक्क कारलं! मासा-कासव विष्णूचे अवतार. कारलं कोणाचा, ते सासूबाईंना विचारा.

तारणाला आलेल्या दागिन्यातली लाख आम्ही बँकवाले वजा करतो. तो आमचा धर्मच. पण घरच्यांनी आजीच्या दागिन्यातून आजीच वजा करावी?

म्हणे हॉलमार्क नाही! अहो, 2021 साली सुरू झालेली सक्ती सराफाच्या विक्रीला आहे, तुमच्या कपाटातल्या डब्याला नाही.

विट्या-खानापूरचे गलाईवाले देशभर सोनं गाळतात. त्यांच्या मुशीत कासव काय, कारलं काय, एकच रस. मुशीला नातं कळत नाही. दागिना नेणाऱ्याला तर कळतं ना?

अडचण आली तर खुशाल तारण ठेवा. पैसे भरले की साज परत मिळतो. मोडलेला साज सोडवून देणारी खिडकी मात्र कुठल्याच बँकेत नाही.