यंत्र, वाघ आणि व्यक्तित्व

कायद्याने व्यक्ती ठरायला जीव असावा लागत नाही. कंपनी दावा लावते, कर भरते. देवळातल्या मूर्तीला प्रिव्ही कौन्सिलने 1925 मध्ये व्यक्ती मानले. अयोध्येच्या खटल्यात रामलल्ला स्वतः वादी होते. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) येथील ग्रामसभेला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तो कोणा एकाच्या सातबाऱ्यावर चढला नाही. बांबूचा वाहतूक परवाना स्वतः फाडायला मात्र गावाला 2011 उजाडावे लागले.

या सगळ्यांच्या मागे हिशेब देणारी माणसे असतात. ती नसली की घोळ होतो. उत्तराखंड उच्च न्यायालयाने मार्च 2017 मध्ये गंगा-यमुनेला व्यक्तीचा दर्जा दिला. पुरात नुकसान झाले तर भरपाई कोणाकडे मागायची, असा पेच राज्य सरकारने मांडला आणि जुलैत सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली.

कृत्रिम बुद्धिमत्तेबाबत पेच हाच आहे. ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या कुशीतल्या सीतारामपेठेत जंगलाच्या कडेला कॅमेरे लावले आहेत. वाघ दिसला की यंत्र तो ओळखते आणि सूचना देते. मूल-सिंदेवाही तालुक्यांत पहाटे मोहफुले वेचायला वाकलेल्या बाईसाठी अशी सूचना जिवाच्या मोलाची असते. ती आलीच नाही, तर? वाघाच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास शासन 25 लाख रुपये देते, पण चूक कोणाची हा प्रश्न उरतोच. यंत्राला व्यक्ती केले तर बोट त्याच्याकडे वळेल. त्याच्या नावे ना शेत, ना बँकखाते. बनवणारा आणि बसवणारा मात्र सुटेल. युरोपीय संसदेने 2017 मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक व्यक्ती’ची कल्पना पुढे केली, तेव्हा तज्ज्ञांनी घेतलेला आक्षेप याच अंगाने होता, आणि तो रास्त होता.

नैतिक व्यक्तित्वाचा प्रश्न याहून अवघड. तिथे कसोटी दुखण्याची. वाघाला दुखते, शंकरपटाच्या शर्यतीत धावणाऱ्या बैलालाही दुखते. तरी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने शर्यतींना परवानगी देणारे कायदे वैध ठरवले आणि प्राण्यांना मूलभूत हक्क आहेत असे मानले नाही. ज्याचे दुखणे डोळ्यांना दिसते तो अजून दाराबाहेर उभा आहे. भाषा जुळवणारे यंत्र ‘मला त्रास होतो’ असे लिहील, पण ते वाक्य माणसांच्याच लिखाणातून शिकलेले असल्याने पुरावा म्हणून धरता येत नाही. वेदना म्हणजे नेमके काय हे शास्त्राला अजून पुरते उकललेले नाही, त्यामुळे यंत्राला ती कधीच होणार नाही असेही ठामपणे म्हणता येत नाही. पुरावा आला तर तो यंत्राच्या रचनेतून यावा लागेल, त्याच्या बोलण्यातून नव्हे.