शेजारधर्माचे घर



पाखरालाही घरटे असते. मग कष्टकरी माणसाने निवाऱ्याविना का राहावे? श्रीपाद सुब्राव तल्मकी यांनी हा प्रश्न मनावर घेतला. १९०६ साली त्यांनी मुंबईत शामराव विठ्ठल या आपल्या गुरूंच्या नावे सहकारी पतपेढी काढली आणि १९१५ साली गावदेवीस सारस्वत सहकारी गृहसंस्था उभारली. एकट्याला न पेलणारा भार अनेकांनी भागभांडवलाने उचलला. भाग कितीही असोत, सहकारात मत एकच! १९१८ साली साष्टीच्या कॅथोलिकांनीही वांद्र्यास अशीच गृहसंस्था स्थापिली.

आपल्या बोथ परिसरात पावसाळ्यात कुणाची भिंत खचली, की आपण हळहळतो आणि आपापल्या दारी परततो. त्या हळहळीस मासिक वर्गणीची व सर्वांसमोर वाचलेल्या चोख हिशेबाची जोड का देऊ नये?

त्या संस्था आपापल्या समाजापुरत्या निघाल्या. आपण एक पाऊल पुढे टाकू या. दयाळू शोमरोन्याने जखमी वाटसरूची जात विचारली नव्हती. बंधुभगिनींनो, खचलेल्या भिंतीचीही ती विचारू नये. तल्मकींचा धर्म आपल्याहून निराळा होता. परंतु त्यांच्याकडून शेजारधर्म शिकण्यात संकोच कसला?